गोळी आठवड्याची, कागदावर रोजची

वाचकाचं पत्र

माझी आई ६८ वर्षांची होती. संधिवातासाठी ती कित्येक वर्षं दर रविवारी मेथोट्रेक्झेटची १५ मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची. तिची औषधं तीच बघायची, आम्ही कधी लक्ष घातलं नाही. न्यूमोनियासाठी तिला इथल्याच एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर त्या गोळीपुढे १-०-०, ३० दिवस असं लिहिलं होतं. अशक्तपणामुळे गोळ्यांची डबी मी भरत होते. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "ही तर रविवारची गोळी ना गं?" मी म्हटलं, "आता डॉक्टरांनी रोज लिहिली आहे." सातव्या दिवशी तोंड फोडांनी भरलं. जवळच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल दिलं. दहाव्या दिवशी पहाटे ताप आला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर पांढऱ्या पेशी ६०० वर आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ही गोळी रोज कशी दिलीत?" तिथे भरती केल्यापासून पाचव्या दिवशी आई गेली. शवविच्छेदन झालं नाही, मोक्षधामला अंत्यसंस्कार केले. याला आता अडीच महिने झाले. पहिलं रुग्णालय म्हणतं, तुम्ही विचारायला हवं होतं. दादा म्हणतो केस करू, बाबा म्हणतात जाऊ द्या. गोळ्या मीच दिल्या, हे डोक्यातून जात नाही. बाबांना वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू आहे आणि आता त्यांची डबी भरायला माझा हात धजत नाही. काय करू?

— एक मुलगी, मानेवाडा, नागपूर

उत्तर

ताई,

गोळ्या तुम्ही दिल्या, हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी आईचं म्हणणं ऐकून रुग्णालयात फोन केला असता तर चूक कदाचित सापडलीही असती. हे आम्ही लपवत नाही, कारण खोट्या दिलाशावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण चूक जन्मली ती त्या कार्डावर, तुमच्या डबीत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला सगळ्यात ताजा कागद हातात असताना घरच्या माणसाने त्याप्रमाणे औषध देणं हेच अपेक्षित असतं. आपल्याकडे कार्ड सोडून "मला वाटलं म्हणून" औषध बदलणाऱ्यालाच ओरडा बसतो. तुम्ही कागद पाळलात.

हे औषध इतकं घातक कसं ठरलं, ते समजून घ्या. पुढे अर्ज लिहिताना आणि प्रश्न विचारताना ते लागेल. मेथोट्रेक्झेट शरीरातल्या फोलेटचं काम अडवतं. पेशींना विभागून नवीन पेशी तयार करायला फोलेट लागतं. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम देतात आणि मधले दिवस निरोगी पेशींना सावरायला मिळतात. तीच गोळी रोज दिली की ही उसंतच संपते. सगळ्यात झपाट्याने नव्या होणाऱ्या पेशी आधी मार खातात: तोंडाचं आतलं अस्तर, आतडं, अस्थिमज्जा. म्हणून आधी तोंडात फोड येतात, कधी जुलाब लागतात, मग पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, ताप येतो, रक्त येतं. तुमच्या आईच्या बाबतीत हाच क्रम दिसतो. नऊ दिवसांत तिच्या पोटात १३५ मिलिग्रॅम गेलं. त्या काळात फार तर दोन रविवार आले असते, म्हणजे ३० मिलिग्रॅम. उतारवय, आजारपणात कमी झालेलं पाणी आणि मंदावलेली किडनी यांनी हे औषध शरीरात आणखी रेंगाळतं. सोबत वेदनाशामक गोळ्या किंवा कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक असेल तर धोका वाढतो. डिस्चार्ज कार्डावर यातलं काही आहे का, ते आजच बघा.

आता १-०-० कडे या. सकाळ, दुपार, रात्र एवढ्या तीन घरांत 'आठवड्यातून एकदा' लिहायला जागाच नाही. भरतीच्या वेळी आईच्या स्ट्रिप्स पाहून कुणी औषधांची यादी केली असेल, ती संगणकात गेली असेल, संगणकाने नेहमीची १-०-० टाकली असेल आणि सही करणाऱ्याने ती ओळ वाचली नसेल. हा अंदाज आहे. खरं काय झालं ते रुग्णालयाच्या नोंदी सांगतील. पण ही चूक जगभर माहीत असलेली आहे. रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तेव्हा औषधांच्या चुका सर्वाधिक होण्याची भीती असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सुरू केलेल्या औषध-सुरक्षा मोहिमेत हा टप्पा प्राधान्याने घेतला. संधिवातासाठीचं मेथोट्रेक्झेट रोज लिहिलेलं दिसलं तर औषध देणाऱ्या फार्मासिस्टनेही थांबून विचारायला हवं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार चिठ्ठी तपासणं आणि रुग्णाला समजावून सांगणं त्याच्या कामातच येतं. तोंडाचे फोड पाहून 'सध्या कोणती औषधं चालू आहेत' हा एक प्रश्न विचारला गेला असता तरी दोन-तीन दिवस हाती लागले असते. कार्ड लिहिणारा, सही करणारा, समजावून घरी पाठवणारा, औषध देणारा, फोड पाहणारा: हे सगळे शिकलेले, परवानाधारक लोक. यांच्या हातून जे निसटलं ते तुमच्या लक्षात यायलाच हवं होतं, असं म्हणणं अन्यायाचं आहे. रुग्णालयाचा "तुम्ही विचारायला हवं होतं" हा पवित्रा पुढेही येईल. त्यामुळे तिसऱ्या दिवशीचं आईचं बोलणं लपवू नका, आहे तसंच लिहून काढा. त्याला जोडून हेही लिहा की सोडताना औषधं कुणी समजावली, किती मिनिटं, कोणत्या भाषेत, आणि ही गोळी आठवड्याची आहे हे कुणी सांगितलं का.

केस करायची की नाही हे आज ठरवू नका. कागद मात्र आजच गोळा करायला लागा, कारण कागद हाती नसताना दादा आणि बाबांचा वाद नुसत्या भावनेवर चालतो आणि घर फाटतं.

तेरवीनंतर औषधांचा डबा अनेकदा रिकामा केला जातो. तसं झालं नसेल तर उरलेल्या गोळ्या, रिकाम्या स्ट्रिप्स आणि ती डबी एका पाकिटात बंद करून ठेवा. त्यावर काही लिहू नका, दुकानात परत करू नका. नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दिसेल असे फोटो काढा. केमिस्टचं बिल शोधा; हरवलं असेल तर दुकानातून दुसरी प्रत मागा. ३० गोळ्या आणल्या असतील आणि २१ उरल्या असतील तर नऊ दिवसांचा हिशेब तुमच्या शब्दाशिवाय सिद्ध होतो. आईच्या संधिवाताच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, ज्यावर आठवड्यातून एकदा असं लिहिलं आहे, ती या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट. ती सापडेना झाली तर त्या डॉक्टरांकडून नोंदीची प्रत घ्या.

मग दोन्ही रुग्णालयांना अर्ज द्या. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात. 'फाइल द्या' एवढंच लिहिलं तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातावर ठेवतात. म्हणून नावं घेऊन मागा: भरतीच्या वेळची औषधांची यादी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांचा औषध देण्याचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, सगळे रक्त तपासणी अहवाल, डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल. विम्यातून कॅशलेस झालं असेल तर विमा कंपनीकडे गेलेल्या कागदांचीही प्रत मागा. नंतर कुणी काही बदललं तर या दोन संचांतला फरक बोलतो.

पहिल्या रुग्णालयाच्या कागदांत सगळ्यात आधी परिचारिकांचा तक्ता उघडा. तिथे मेथोट्रेक्झेट रोज दिल्याची खूण असेल तर चूक भरतीच्या दिवशीच झाली आणि नऊ दिवसांचा हिशेबही वाढतो. ते दिलंच नसेल तर गंभीर संसर्गात ते थांबवलं असावं, सहसा थांबवतातच. मग सोडताना ते रोजच्या यादीत कसं आणि कुणाच्या सांगण्यावरून आलं, हा प्रश्न उभा राहतो. रविवारचंच दिलं असेल तर चूक फक्त कार्ड लिहिताना झाली.

दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदींत दोन गोष्टी बघा. मेथोट्रेक्झेटची विषबाधा असं निदान कोणत्या तारखेला, किती वाजता लिहिलं? ल्युकोव्होरिन कधी सुरू झालं? हा त्यावरचा उतारा आहे आणि साध्या फोलिक ॲसिडच्या गोळीने त्याचं काम भागत नाही. रक्तातली औषधाची पातळी तपासली असेल आणि ती नगण्य आली असेल तर "मग विषबाधा नव्हतीच" असं कुणी म्हणेल. ते मान्य करू नका. कमी मात्रेच्या गोळ्यांनी होणाऱ्या विषबाधेत रक्तातली पातळी आणि झालेली हानी यांचा मेळ बसत नाही. पेशी, फोड आणि तारखांचा क्रम जास्त सांगून जातो.

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे. महापालिकेच्या मृत्यू दाखल्याशी त्याची गल्लत करू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्यात पहिल्या भागात वरून खाली कारणांची साखळी असते. वरच्या ओळीत सेप्टिक शॉक असं असेल. तुम्ही सगळ्यात खालची ओळ वाचा. तिथे मेथोट्रेक्झेटचा उल्लेख असला तर शवविच्छेदन न झाल्याची उणीव बरीच भरून निघते. नसला तरी वाट बंद होत नाही. पेशींचे अहवाल आणि ते कार्ड मिळून पुरेसं बोलतात.

आता दाद कुठे मागायची. प्रत्येक दार वेगळी गोष्ट देतं, आणि चुकीच्या दारात वर्षं जातात.

पैशांची भरपाई आणि 'इथे निष्काळजीपणा झाला' असा कारणांसह लेखी निकाल हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मुदत दोन वर्षांची. ती मोजताना अलीकडची तारीख धरून बसू नका, कार्ड मिळालं त्या दिवसापासून मोजा. वारस तक्रार करू शकतात. तुम्ही, दादा आणि बाबा तिघांची नावं एकत्र टाका. शुल्क रुग्णालयाला दिलेल्या रकमेवर ठरतं आणि ती पाच लाखांपर्यंत असेल तर काहीच लागत नाही. वकील सक्तीचा नाही, पण अशा प्रकरणात घ्या. महिला म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील; त्याचं खंडपीठ नागपुरात बसतं, मुंबई गाठावी लागत नाही. तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला मिळत नाही म्हणून लोक हातपाय गाळतात. २०१० च्या व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, चूक उघड असेल तिथे ती स्वतःच बोलते. आठवड्याची गोळी रोज लिहिणं यात बसतं, असं आमचं मत आहे. तरीही संधिवाततज्ज्ञाचं लेखी मत मिळालं तर सोडू नका.

डॉक्टरच्या परवान्यावर कारवाई हवी असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती पैसे देत नाही, ताकीद देते किंवा नोंदणी काही काळ थांबवते. तिचा निकाल येऊ द्या, मग ग्राहक आयोगात जाऊ, असं थांबू नका. तोवर दोन वर्षं सरतात. केमिस्टबद्दल अन्न व औषध प्रशासन.

पोलिसांकडे जायचं का? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. उपचार करताना निष्काळजीपणे मृत्यू घडवणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे निष्काळजीपणा घोर पातळीचा असावा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत लागतं. यादीतली एक ओळ चुकणं त्या पातळीला पोचेलच असं नाही. दादाचा राग आम्ही समजू शकतो, पण सुरुवात इथून केली तर बहुतेकदा पदरी निराशा येते. चुलतभावांना घेऊन रुग्णालयात जाब विचारायला जाणं तर नकोच. तोडफोड झाली तर २०१० च्या राज्याच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि तुमची बाजू तिथेच बुडते.

आणखी एक दार आहे, शिक्षेचं नाही. भारताच्या औषध दक्षता कार्यक्रमाला १८०० १८० ३०२४ या मोफत क्रमांकावर घडलेलं कळवा. रुग्णाच्या घरच्यांसाठी मराठी अर्जही आहे. कुणावर कारवाई होत नाही, पण घटना देशाच्या नोंदीत जाते. बाबा निदान याला तरी नाही म्हणणार नाहीत.

बाबांचं 'जाऊ द्या' मोडून काढू नका. अशी प्रकरणं खरोखर लांबतात. अनुराधा साहा यांना कोलकात्यात दीर्घकाळ परिणाम करणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं गेलं होतं. तिथेही गफलत दोन मात्रांमधल्या अंतराचीच होती. त्या १९९८ साली गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने साधारण सहा कोटींच्या भरपाईचा अंतिम आकडा ठरवला तो २०१३ साली. बाबांना यात किती ओढायचं ते त्यांना विचारून ठरवा. सह्या आणि एक प्रतिज्ञापत्र देऊन बाकी तुम्ही दोघांनी सांभाळणं शक्य आहे. रुग्णालयाने मधेच तडजोड देऊ केली तर घाईने सही करू नका. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द कुठे आहेत ते वकिलाला दाखवा, आणि पैशांबरोबर एक अट घाला: मेथोट्रेक्झेटसारखी आठवड्याची औषधं डिस्चार्ज कार्डावर वाराच्या नावानेच छापली जातील. हे त्यांना सहज करता येतं आणि पुढच्या घरातली आई वाचू शकते.

झोप दोन-अडीच महिने उडालेली असेल तर ते अंगावर काढू नका. टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार बाह्यरुग्ण विभागातही जाता येईल.

बाबांची डबी तुम्हीच भरा, फक्त पद्धत बदला. वॉरफेरिन वेगवेगळ्या ताकदीत येतं आणि कंपनी बदलली की गोळीचा रंगही बदलू शकतो, म्हणून रंगावर विसंबू नका. मात्रा कधीही 'एक गोळी', 'अर्धी गोळी' अशी लिहू नका, मिलिग्रॅममध्ये लिहा. घरात शक्यतो एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवा. मात्रा वारानुसार बदलत असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाच्या चौकोनात आकडा लिहा आणि गोळी घेतली की त्यावर रेघ ओढा. वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) केला आणि डॉक्टरांनी मात्रा बदलली तर ती त्याच दिवशी लागू करता येते. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. कोणतंही नवं प्रतिजैविक, विशेषतः मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्साझोल, आणि दुखण्याची कोणतीही गोळी सुरू करण्याआधी 'वॉरफेरिन चालू आहे' हे वाक्य डॉक्टरांना आणि केमिस्टलाही सांगा.

कुठलंही नवं कार्ड हाती आलं की जुन्या चिठ्ठीशेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून बघा: नाव, मिलिग्रॅम, किती वेळा. एका जागी जरी फरक दिसला, किंवा बाबा म्हणाले की ही गोळी मी अशी घेत नव्हतो, तर ती गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि उत्तर मोबाइलवर लेखी मागून घ्या. काळं शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर आयएनआरची वाट न बघता, दिवस असो वा रात्र, लगेच मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात न्या. सोबत ते कॅलेंडर घेऊन जा.